गुपित हेच कुंपण : पांढरा ट्रफल, पिएमोंतेतले म्हातारे आणि त्यांची कुत्री

उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, थंडी सुरू होता होता, ऐंशीच्या घरातला एखादा म्हातारा रात्री हातात काठी आणि बॅटरी घेऊन, कुत्र्याला बरोबर घेऊन पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी एक महागडी बुरशी, शोधायला रानात निघतो. वाट निसरडी असते, उतार तीव्र असतात, घरच्यांनी ‘या वयात नको’ म्हणून दहा वेळा बजावलेलं असतं. तरी तो जातो, आणि नेमका कुठे जातो ते घरातही सांगत नाही. मायकेल ड्वेक आणि ग्रेगरी केरशॉ यांच्या ‘द ट्रफल हंटर्स’ या २०२० सालच्या माहितीपटात अशीच म्हातारी माणसं भेटतात. रात्री खिडकीतून पसार होणारे आजोबा आहेत. मूलबाळ नसलेले एक आजोबा ‘माझ्या मागे या कुत्रीचं कोण करणार’ या एकाच काळजीत आहेत. एकाने जंगलातल्या हावेला कंटाळून हे काम सोडलं आहे आणि तो आपला राग टाइपरायटरवर उतरवतो आहे.

चित्रपट पाहताना ही माणसं विक्षिप्त वाटू शकतात. जागा कोणालाच न सांगणं, रात्रीच जाणं, कुत्र्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावणं, हे सगळं म्हातारपणाचे हट्ट आहेत असं वाटतं. तसं ते नाही. या प्रत्येक सवयीमागे त्या जमिनीखालच्या बुरशीचा स्वभाव आहे. तो कळला की माणसंही कळतात.

मातीखाली काय असतं

ट्रफल बटाट्यासारखा दिसतो, पण तो कंद नाही आणि मूळही नाही. तो एका बुरशीचं फळ आहे. बुरशीचं खरं शरीर म्हणजे मातीत पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. पावसाळ्यात उगवणारी अळंबीची छत्री हेही असंच फळ. छत्री जमिनीवर येते आणि आपले बीजाणू वाऱ्यावर सोडते. ट्रफलचं फळ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मातीतच राहतं, त्यामुळे वारा त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला कोणीतरी उकरून खावं लागतं. रानडुक्कर, उंदीर, बिज्जूसारखे प्राणी ते खातात, बीजाणू पोटातून न पचता बाहेर पडतात आणि दुसऱ्या झाडाखाली पोचतात. मातीतून वर येणारा तो जबरदस्त वास म्हणजे प्राण्यांना घातलेली हाक आहे. फळ पिकेपर्यंत वास जवळजवळ नसतो. बीजाणू तयार झाले की तो सुटतो.

पांढऱ्या ट्रफलचं शास्त्रीय नाव तुबेर माग्नातुम. वित्तोरिओ पिको यांनी १७८८ साली त्याचं वर्णन केलं. त्याची साल गुळगुळीत, फिकट पिवळसर असते. कापला की आत तपकिरी गरात पांढऱ्या शिरांची नक्षी दिसते. काळा ट्रफल, म्हणजे तुबेर मेलानोस्पोरुम, ही वेगळी जात. तिची साल खडबडीत असते आणि स्वभावही वेगळा.

ही बुरशी एकटी जगू शकत नाही. ओक, पॉपलर, विलो, लिंडेन, हेझल अशा झाडांच्या कोवळ्या मुळांच्या टोकांवर तिचे तंतू मोज्यासारखं आवरण घालतात. झाड पानांत तयार झालेली साखर तिला देतं. बुरशी आपल्या तंतूंनी दूरवरून पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन गोळा करून झाडाला देते. हा व्यवहार कुठल्याही जमिनीत जमत नाही. माती चुनखडीची, किंचित अल्कधर्मी, भुसभुशीत आणि हवेशीर हवी. उन्हाळ्यातही ओल टिकली पाहिजे, पण पाणी तुंबता कामा नये. पिएमोंतेतल्या लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो या टेकड्यांच्या घळींत, ओढ्यांच्या काठी अशी जमीन सापडते. जुलै-ऑगस्टमध्ये चार सरी बऱ्या झाल्या तर हंगाम साधतो. उन्हाळा कोरडा गेला तर ऑक्टोबरात कितीही पाऊस पडो, मातीत फळच धरलेलं नसतं. अलीकडच्या तापलेल्या, कोरड्या उन्हाळ्यांनी हे वारंवार दाखवून दिलं आहे.

आता दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली : पांढरा ट्रफल जमिनीवर काहीही खूण सोडत नाही. काळ्या ट्रफलच्या झाडाभोवती गवत करपल्यासारखं नाहीसं होतं, त्या टक्कल पडलेल्या गोलावरून जाणकाराला अंदाज येतो. पांढऱ्याच्या बाबतीत तेवढाही सुगावा नाही. गवत हिरवं, पाचोळा तसाच, आणि खाली कधी चार बोटं तर कधी हातभर खोल काही हजार युरो किलोची वस्तू.

दुसरी : तो पेरता येत नाही. काळा ट्रफल लागवडीत येतो. रोपांच्या मुळांना रोपवाटिकेत बुरशी लावायची, रोपं चुनखडीच्या जमिनीत लावायची आणि काही वर्षं वाट पाहायची, हे तंत्र बसलेलं आहे. पांढऱ्याने मात्र शेतकऱ्यांना आणि शास्त्रज्ञांना दीर्घकाळ दाद दिली नाही. रोपांवर बुरशी लागते, पण शेतात ती टिकेल याचा भरवसा नाही. फळ धरायला दोन वेगळ्या ‘लिंगां’च्या बुरशा एकत्र याव्या लागतात, ही आणखी एक अट. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२१ साली जाहीर केलं की, बुरशी लावलेल्या रोपांच्या एका बागेत, जिथे हा ट्रफल नैसर्गिकरीत्या येत नाही अशा भागात, २०१९ आणि २०२० मध्ये फळं मिळाली. ती मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली. ही वाट आशेची आहे, पण बाजारात येणारा पांढरा ट्रफल आजही रानातूनच येतो.

कोकण-गोव्यातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. वारुळावर उगवणारी अळंबी, गोव्यात जिला रोण अळमी म्हणतात, तीही अशीच जोडीदारावर जगते. तिचा जोडीदार झाड नसून वाळवी आहे, आणि म्हणून तीही वाफ्यात लावता येत नाही. कुठल्या वारुळावर ती कधी उगवते हे ज्याला माहीत, त्यालाच ती मिळते, आणि तो ती जागा गावभर सांगत फिरत नाही.

जंगल सगळ्यांचं, म्हणून जागा कोणालाच सांगायची नाही

इटलीचा १६ डिसेंबर १९८५चा ७५२ क्रमांकाचा कायदा ट्रफलचा मूळ कायदा आहे. त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं, की जंगलात आणि पडीक जमिनीत ट्रफल गोळा करायला मोकळीक आहे. लागवडीच्या किंवा राखीव ट्रफलबागेला मालक पाटी लावून हक्क सांगू शकतो. बाकी रान परवानाधारकांना खुलं. म्हणजे तुम्ही तीस वर्षं एका ओकखाली वाकून, तारखा टिपून, कुठल्या आठवड्यात तिथे फळ येतं हे शोधून काढलंत, तरी त्या झाडावर तुमचा कायदेशीर हक्क शून्य. उद्या दुसरा कोणी आला तर तो चोर ठरत नाही.

जिथे भिंत घालता येत नाही तिथे न सांगणं हेच कुंपण असतं. पिएमोंतेत या शोधकाला त्रिफुलाऊ म्हणतात. त्याची सगळी मालमत्ता म्हणजे डोक्यातला नकाशा. चांगलं झाड वर्षानुवर्षं साधारण त्याच जागी, त्याच सुमारास फळ देतं, म्हणून पन्नास वर्षांचा अनुभव असलेला म्हातारा तरुणापेक्षा खरोखर श्रीमंत असतो. रात्री निघायचं कारणही यातच आहे. रात्री पाठलाग करणं अवघड, बॅटरी विझवली की माणूस दिसेनासा होतो. शिवाय रात्रीची हवा दमट आणि स्थिर असते, वास जमिनीलगत टिकतो आणि कुत्र्याचं लक्ष विचलित करणारं काही नसतं. राष्ट्रीय कायद्यात सूर्यास्तानंतर एका तासापासून पहाटेच्या एक तास आधीपर्यंत शोधाला बंदी आहे, पण प्रांतांना वेगळा नियम करायची मुभाही त्याच कलमात आहे.

याच कायद्याने परवान्यासाठी परीक्षा ठेवली आणि किमान वय १४ वर्षं ठरवलं. ताज्या विक्रीसाठी ९ जाती मान्य केल्या. शोध प्रशिक्षित कुत्र्याच्याच मदतीने करायचा, खणायचं ते कुत्र्याने जिथे उकरायला सुरुवात केली तिथेच, ठरलेल्या छोट्या अवजाराने, आणि खड्डा बुजवायचा, ही बंधनंही त्यातलीच. खड्डा उघडा राहिला तर मुळं आणि बुरशीचे तंतू सुकतात; पुढच्या वर्षी तिथे काहीच नसतं. न पिकलेला ट्रफल काढायलाही बंदी आहे. त्याला वास नाही, भाव नाही आणि बीजाणूही नाहीत.

डुक्कर का नको, कुत्रा का

ट्रफल आणि डुक्कर ही जोडी पुष्कळांनी ऐकलेली असते. डुकराला शिकवावं लागत नाही, त्याला ट्रफल खायचाच असतो. अडचण तीच. शंभर-दीडशे किलोच्या जनावराच्या तोंडातून तो काढून घेणं सोपं नाही, आणि डुक्कर नाकाने अख्खी जमीन उलथतं. इटलीत कुत्र्याची अट कायद्यातच असल्याने डुकराचा प्रश्न मिटला.

एक लोकप्रिय समज इथेच दूर करू. ट्रफलमध्ये नर डुकराच्या गंधद्रव्याशी जुळणारा एक पदार्थ असल्याचं १९८१ साली दिसलं आणि ‘डुकरीण प्रेमापोटी ट्रफल शोधते’ अशी गोष्ट पसरली. १९९० साली फ्रेंच संशोधकांनी तो पदार्थ आणि ट्रफलमधलंच डायमिथाइल सल्फाइड हे गंधकयुक्त द्रव्य वेगवेगळे पुरून पाहिले. डुकराने आणि कुत्र्याने सल्फाइड शोधलं, त्या गंधद्रव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गंधकाचीच ही सगळी करामत. पांढऱ्या ट्रफलचा खास लसूण-चीज-ओल्या मातीसारखा वास मुख्यतः बिस-मिथाइलथायो-मिथेन या गंधकयुक्त रसायनाचा असतो. बाजारातल्या बहुतेक ‘ट्रफल तेलां’त हेच रसायन कारखान्यात बनवून घातलेलं असतं.

जात कुठली, याला पिएमोंतेत फारसं महत्त्व नाही. तिथल्या बोलीत ट्रफलच्या कुत्र्याला ताबुई म्हणतात, आणि ताबुई बहुधा मिश्र रक्ताचा, मध्यम अंगाचा, शिकारीची ओढ कमी असलेला असतो. लागोत्तो रोमान्योलो ही कुरळ्या केसांची जात प्रसिद्ध आहे. ती मुळात रोमान्या भागातल्या पाणथळीतून मारलेले पाणपक्षी आणणारी. दलदली बुजवून शेतं झाली तेव्हा या कुत्र्यांचं जुनं काम गेलं आणि नाक ट्रफलकडे वळलं. ११ ते १६ किलो वजन, दाट लोकर काट्यांपासून वाचवते, आणि ससा पळाला तरी ती सहसा मागे धावत नाही. हा शेवटचा गुण नाकाइतकाच मोलाचा आहे.

पिल्लू शिकवताना

आल्बाजवळच्या रोद्दी गावात १८८० साली आंतोनिओ मोंक्येरो, टोपणनाव बारोत, यांनी ट्रफलच्या कुत्र्यांची शाळा काढली. लोक तिला कौतुकाने विद्यापीठ म्हणतात. घरोघरी शिकवण्याची रीतही साधारण तशीच आहे.

तीन-चार महिन्यांच्या पिल्लापासून सुरुवात होते. छिद्रं पाडलेल्या छोट्या डबीत किंवा कापडाच्या पुरचुंडीत ट्रफलचा सुपारीएवढा तुकडा घालतात. काही दिवस ती फक्त फेकायची आणि परत आणली की सुक्या पावाचा किंवा चीजचा तुकडा द्यायचा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पिल्लाला कंटाळा येण्याच्या आधी खेळ थांबवायचा, म्हणजे पुढच्या वेळी ते स्वतःहून मागेल. मग डबी उंच गवतात टाकायची, जिथे डोळ्यांचा उपयोग नाही. मग दोन बोटं मातीखाली, पुढे वीतभर खोल.

इथे नवशिके हमखास चुकतात. ते उघड्या हाताने तुकडा पुरतात आणि लगेच कुत्रा सोडतात. कुत्रा सापडवतोही, पण ट्रफलचा नाही, धन्याच्या हाताचा आणि नुकत्याच हललेल्या मातीचा वास धरून. रानात ना तुमचा हात असतो ना ताजी माती, आणि मग ‘घरी शिकलेला कुत्रा जंगलात वेडा कसा झाला’ असं वाटतं. उपाय सोपा : स्वच्छ हातमोजे घालायचे, तुकडा आदल्या दिवशी पुरायचा म्हणजे तुमचा माग विरतो, आणि आजूबाजूला चार-पाच रिकामे खड्डे खणून बुजवायचे. रिकामा खड्डा उकरला तर काही बोलायचं नाही, बक्षीसही द्यायचं नाही.

कारखान्याच्या तेलावर कुत्रा शिकवू नये. खऱ्या ट्रफलचा वास अनेक द्रव्यांचा मिळून बनतो, तेलात त्यातलं एखादंच असतं. नुसत्या गोठवलेल्या तुकड्यांवर वाढलेला कुत्राही ताज्या मालापाशी गोंधळतो. हंगामात स्वस्तातला, किडका का असेना, पण ताजा ट्रफल मिळवावा. मात्र सडलेला नको, नाहीतर कुत्रा पुढे सडलेलेच दाखवत बसेल.

पुढची पायरी म्हणजे मुरलेल्या कुत्र्यासोबत रानात नेणं. जुना उकरतो, नवा पाहतो. पहिला खरा ट्रफल त्याच्या नाकाखाली निघाला की जे बक्षीस द्यायचं ते नेहमीपेक्षा मोठं असावं.

चांगल्या कुत्र्याच्याही खोडी असतात. काही जण ट्रफल खातात. त्यांना ओरडून उपयोग नसतो. उलट ते घाईने गिळायला शिकतात. ट्रफल तोंडात दिसला की हातातलं अधिक आवडीचं काही दाखवून अदलाबदल करायची, आणि रानात जाण्याआधी त्याला अगदी उपाशीही ठेवायचं नाही. काही जण बक्षिसाच्या लोभाने खोटंच उकरतात. बक्षीस ट्रफल हातात आल्यावरच दिलं तर ही सवय मोडते. काही फार जोराने उकरतात, आणि नख लागलेला ट्रफल लवकर सडतो, भावही पडतो. म्हणून कुत्र्याने पंजे मारायला सुरुवात केली, नाक खड्ड्यात खुपसून फुरफुरायला लागला, की म्हातारा गुडघ्यावर बसतो, एका हाताने त्याला हळूच मागे घेतो आणि मूठभर माती उचलून स्वतः हुंगतो. मातीलाच वास लागलेला असेल तर फळ जवळ आहे. मग छोट्या कुदळीने कडेकडेने, शेवटी बोटांनी. ओढून काढला आणि तुकडे झाले, तर किमतीत फार मोठा फरक पडतो.

विष

चित्रपटातला सगळ्यात जड भाग हा आहे. जागा लपवून भागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातले काही विष पेरतात. मांसाच्या किंवा सॉसेजच्या तुकड्यात स्ट्रिक्निन, गोगलगायींसाठीचं मेटाल्डिहाइड किंवा उंदराचं औषध. हेतू एकच, दुसऱ्याचा कुत्रा मेला की त्याचं येणं बंद. कुत्रा म्हणजे वर्षानुवर्षांची शिकवण आणि म्हाताऱ्याचा रोजचा सोबती, हे ते जाणतात, म्हणूनच तिथे घाव घालतात. याहून नीच काम या धंद्यात नाही. इटलीत विषारी आमिषं टाकण्यावर २००८ पासून आरोग्य मंत्रालयाचा स्वतंत्र बंदी-आदेश आहे, आणि पोलिसांकडे आमिषं हुंगून काढणारी कुत्रीही आहेत.

बचाव म्हणून पुष्कळ जण कुत्र्याला जाळीचं मुसकं बांधतात. त्यातून वास घेता येतो, धापा टाकता येतात, पण काही गिळता येत नाही. कातडी, तोंड आवळणारं मुसकं मात्र नको, धावणाऱ्या कुत्र्याला त्यात श्वास कोंडतो. तरीही गिळलं गेलंच तर वेळ हेच औषध. स्ट्रिक्निन आणि मेटाल्डिहाइडची लक्षणं काही मिनिटांपासून काही तासांत दिसतात : अंग ताठ होणं, थरथर, आवाजाने किंवा स्पर्शाने वाढणारे झटके. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, मीठ स्वतःच घातक ठरतं. आमिषाचा उरलेला तुकडा पिशवीत घ्यायचा, कुत्र्याला अंधारात, शांत ठेवायचं आणि थेट पशुवैद्य गाठायचा. रक्त पातळ करणारं उंदराचं औषध फसवं असतं. कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग आतून रक्तस्राव होतो. संशय असला तरी लगेच न्यावं. ‘के’ जीवनसत्त्वाचे उपचार वेळेत सुरू झाले तर तो वाचतो.

हे सगळं कॅमेऱ्यात कसं यायचं

ज्यांची पुंजीच गुपित आहे त्यांचं चित्रण करायचं, ही मूळ अडचण. ड्वेक आणि केरशॉ यांनी तीन वर्षं दिली ती उगाच नाही. चित्रपटातले बहुतेक प्रसंग एकाच स्थिर, लांबून लावलेल्या चौकटीत घडतात. कॅमेरा हलत नाही, कोणी मुलाखत घेत नाही, पडद्यामागचा आवाज काही समजावत नाही. म्हातारा कुत्र्याला जेवणाच्या टेबलावर घेऊन बसतो आणि आपण पाहत राहतो. या माणसांसाठी ही पद्धत अगदी योग्य होती असं माझं ठाम मत आहे. हातात कॅमेरा घेऊन मागे धावलं असतं तर ती पाठलाग करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासारखीच वागणूक झाली असती. तिपाईवर ठेवलेला कॅमेरा तासाभरात खोलीतल्या खुर्चीसारखा होतो, माणूस त्याला विसरतो.

याच्या नेमकं उलट म्हणजे कुत्र्यावर बांधलेला कॅमेरा. गाडीतून उडी, झुडपातून मुसंडी, मातीत नाक, आणि सतत कानावर पडणारा तो श्वास. असं चित्रण कोणाला करायचं असेल तर वजनापासून सुरुवात करावी. प्राण्याच्या अंगावरचं ओझं त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. १४ किलोच्या कुत्र्याला हे ४२० ते ७०० ग्रॅम होतं. पण हा हिशेब पाठीचा. डोक्यावर त्याच्या कितीतरी कमी हवं, साधारण दीडशे ग्रॅमचा छोटा कॅमेराही तिथे जड वाटतो. पाठीवरच्या पट्ट्यावर लावला तर चित्र स्थिर येतं, पण समोर फक्त मान दिसते. डोक्यावर लावला तर कुत्रा जिकडे हुंगतो तिकडे आपण जातो, मात्र तो अंग झाडतो तेव्हा डोकं सेकंदाला चार-पाच वेळा गरगरतं आणि सैल पट्टा डोळ्यांवर येतो. आधी आठवडाभर नुसता रिकामा पट्टा घालून फिरवावं, मग त्याच वजनाचा लाकडी ठोकळा, मग कॅमेरा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काट्यात अडकला तर ताणाने सुटेल असा जोड हवा, नाहीतर रात्रीच्या रानात कुत्रा फासात अडकेल.

फ्रेमचा वेग सेकंदाला ५० ठेवला तर धावतानाचं चित्र कमी पुसट होतं. रात्री मात्र छोट्या कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही आणि चित्रावर दाणे येतात, म्हणून कुत्र्याचे प्रसंग पहाटेच्या किंवा धुक्यातल्या उजेडात घेणं बरं. आवाज कॅमेऱ्यातल्या माइकवर सोडू नये, त्यात वारा आणि पट्ट्याची खरखरच येते. छातीच्या पट्ट्याखाली लोकरीच्या टोपीतला छोटा माइक लावला की हुंगणं स्वच्छ ऐकू येतं. वास शोधताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा श्वास झटकन आत-बाहेर करतो, आणि माग पक्का झाला की ती लय बदलते. पडद्यावर वास दाखवता येत नाही. ही बदललेली लय ऐकवणं हाच त्याच्या सगळ्यात जवळचा मार्ग.

आणि एक काम चित्रणाआधीच करायचं : कॅमेऱ्याचं आणि खिशातल्या फोनचं जीपीएस बंद. नाहीतर फाइलमध्ये झाडाचा पत्ता छापून येतो. चौकटीत चर्चचा मनोरा, विजेचा खांब, ओळखू येणारा द्राक्षमळा नको. स्थानिक माणूस एका वळणावरून अख्खी घळ ओळखतो.

आल्ब्याचा बाजार आणि ताट

ट्रफलला आल्बा शहराचं नाव चिकटवलं ते जाकोमो मोर्रा या हॉटेलवाल्याने. १९२९च्या सुमारास त्याने ट्रफलचं प्रदर्शन सुरू केलं आणि पुढे जगभरच्या बड्या मंडळींना ट्रफल भेट पाठवायची प्रथा पाडली; १९५१ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना अडीच किलोचा गेला. ग्रिंत्साने कावूरच्या किल्ल्यात १९९९ पासून दर नोव्हेंबरात लिलाव होतो, त्यात हाँगकाँगमधूनही बोली लागते. पण म्हातारा या दिवाणखान्यात नसतो. त्याचा सौदा रस्त्याकडेला, गाडीच्या दिव्यात, छोट्या काट्यावर, रोख होतो. त्याला घाई असते, कारण ट्रफल दररोज ओल गमावतो, म्हणजे वजन गमावतो. उद्या तोच ट्रफल हलका असतो आणि आठवड्याने वासही ओसरतो. दलालाला हे माहीत असतं आणि भाव तसाच पडतो.

घरी आणला तर न धुता स्वयंपाकघराच्या कागदात गुंडाळून काचेच्या बरणीत, दोन ते चार अंशांत ठेवावा आणि कागद रोज बदलावा. तांदळात पुरू नये, तांदूळ त्याची ओल शोषतो. खाण्याच्या वेळी मऊ ब्रशने माती काढायची. शिजवायचा नाही, उष्णतेने ते गंधकाचे वास उडून जातात. गरम ताजारिन, म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, लोणी घालून, किंवा नुसतं तळलेलं अंडं, आणि त्यावर माणशी दहाएक ग्रॅम कागदासारख्या पातळ चकत्या. बाकी मसाला काही नको.

कुत्रा कोणाला द्यायचा

युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये इटलीतली ट्रफल शोधण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. वारसा पुढे जाण्यात अडचण मात्र तीच आहे, जी चित्रपटातल्या त्या एकट्या आजोबांची आहे. झाडांचा नकाशा कुठे लिहिलेला नसतो. काही जण वहीत तारखा टिपतात, पण ‘ओढ्यापलीकडचा वाकडा पॉपलर’ हे त्यांनाच कळतं. मुलं शहरात गेली. रानाच्या जागी द्राक्षमळे आणि हेझलच्या बागा वाढल्या. ट्रफलचं झाड राखणाऱ्या जमीनमालकाला पिएमोंते सरकार भरपाई देतं, पण त्यासाठी झाड कुठलं ते आधी कोणाला तरी ठाऊक असायला हवं.

म्हणून जाणती माणसं सांगतात की, वारस नेमायचा असेल तर माणूस हिंडताफिरता आहे आणि कुत्रा पाच-सहा वर्षांचा आहे तेव्हाच नेमा. एक संपूर्ण हंगाम तिघांनी बरोबर जायचं. बक्षीस नव्याने द्यायचं, खणायचं म्हाताऱ्याने. दुसऱ्या हंगामात उलट. कुत्रा ज्या झाडांखाली एकदा बक्षीस मिळालं ती झाडं विसरत नाही. म्हाताऱ्याचे पाय थकले, अगदी तो उरला नाही, तरी गाडीचं दार उघडल्यावर कुत्रा उतरून कुठल्या घळीकडे वळतो, कुठे थांबतो, कुठलं झाड ओलांडून पुढे जातो, हे नव्या माणसाने नुसतं मागे चालत पाहायचं. पहिल्या महिन्यात त्याला हाक मारू नये, वाट दाखवू नये, पट्टा ओढू नये.